मांका लाक्वा

पहिलं वाक्य मशीननं शिकवलं.
पट्टीएवढ्या पडद्यावर लाल अक्षरं:
मांका लाक्वा.
लातूरच्या एमआयडीसीत, शेड नंबर सात,
रवा कोरडाच गरगरत होता पात्यांखाली
आणि शब्बीरभाई नळावर पाना आपटत म्हणाले,
बघ गं ध्रुपदा, काय म्हणलालंय हे.

शोधलं, वहीत लिहिलं: पाणी नाही.
एवढं वाक्य या गावात कुठल्याही लिपीत कळावं.
आगगाडीनं पाणी आलं त्या साली मी दहावीला,
इतिहास घागरींच्या रांगेत पाठ केलेला.

मग मशीन नीट करायला दोनातो आला महिनाभरासाठी,
दक्षिणेकडचा, बारीच्या बाजूचा.
'ध' त्याला निघेना. दुरुपादा, दुरुपादा.
तळहाताला वारा लागला पाहिजे, मी म्हणाले,
तर तो मेणबत्ती विझवल्यासारखा फुंकतच राहिला.
मला त्याची जोडाक्षरं जमेनात:
पाला म्हणजे फावडं, पाल्ला म्हणजे चेंडू,
मधे जीभ क्षणभर उंबऱ्यावर थांबवायची.
आमच्यात पाला शेळ्या खातात, मी सांगितलं.
हे त्यानं त्याच्या वहीत लिहून घेतलं.

चाव मात्र मी म्हणत नव्हते.
चहा ढवळत तोच सांगून बसला होता,
मुळात त्याचा अर्थ म्हणे, तुमचा गुलाम.
आता कुणाच्या ध्यानात नसतं, येताजाता म्हणतात.
माझ्या पणजोबाच्या तोंडी जोहार होता,
कमरेत वाकून, पाटलाच्या ओट्यापासून अकरा पावलांवर.
आमच्या घरात अजून ध्यानात आहे.
म्हणून मी सकाळी बोंजोर्नो, संध्याकाळी बोनासेरा,
ताठ उभी राहून.
दोनातोला वाटलं, पोरगी फार रीतीची.

मोबाइलवर पुण्याच्या एक बाई शिकवायच्या.
उच्चार बरा आहे, म्हणाल्या, पण मराठी जरा सुधारा.
हे दोनातोला सांगितलं, निम्मं हातांनी
(हात हलवले की ही भाषा निम्मी येतेच).
तो हसला नाही. म्हणाला, पुस्तकातली ही भाषा फ्लोरेन्सची.
माझी आई बोलते ती मी शाळेत बोललो
तर मास्तर कान पिळायचे.
मग काय झालं कोण जाणे,
तो आईच्या बोलीत सुरू झाला, शब्दांची शेपटं गिळत,
आणि मी आमच्यात: काय करलालाव, कुठं निघलालाव, जेवलाव का.
कुणालाच काही कळलं नाही.
शब्बीरभाई म्हणाले, चाय ठंडी हो री.

त्यानं आईचा व्हिडिओ दाखवला.
गल्लीत खुर्ची टाकून बसलेली म्हातारी
कणकेचा तुकडा अंगठ्यानं फळीवर ओढते,
उलटा करते, झाला कान.
ओरेक्किएत्ते. कानुले म्हणू आपण.
दुसऱ्या दिवशी मी प्रयागमावशीचा डबा नेला:
नखुले, बोटवे, गव्हले, चैतात वळून वाळवलेले.
दोनातोनं एक नखुला उजेडात धरला.
त्यावर मावशीच्या नखाची चंद्रकोर.
मशीन मिनिटाला पोतंभर कान पाडत होतं,
तिकडं कुणी बघत नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी त्यानं फोन ठेवला,
आईचाच असावा, आणि म्हणाला, मी मांका.
मी म्हटलं, अरे, तिकडंही पाणी गेलं?
तिकडंही लांबून नळानंच येतं, तो म्हणाला, पण ते वेगळं.
मग समजावलं.
पाणी नसलं तरी मांका, माणूस नसलं तरी मांका.
मी तिची आठवण काढतो, असं नाही.
तीच मला कमी पडते.

त्याला आता पाच महिने झाले.
काल पुन्हा लाल अक्षरं आली.
शब्बीरभाई पाना घेऊन धावले, वाकून बघितलं,
टाकी गळ्यापर्यंत भरलेली.
सेन्सरवर पिठाचा थर बसला होता, एवढंच.
मशीन म्हणत राहिलं, मांका, मांका.
फडकं माझ्या हातात होतं.
पुसायला मी जरा उशीरच केला.